बेने इस्राएलांचे सभास्थान व त्याचा कारभार

शुभवर्तमान वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास याईर हे नाव परिचित असते. आपल्या बारा वर्षांच्या आजारी कन्येसाठी प्रभू येशूंच्या पायाशी लोळण घेणारा हा गृहस्थ सभास्थानाचा अधिकारी होता, असे आपण वाचतो. त्याचप्रमाणे नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशू वाचावयास उभे राहिले, त्यांच्या हाती यशया संदेष्ट्याचा ग्रंथपट देण्यात आला, आणि वाचून झाल्यावर त्यांनी तो तेथील सेवकास परत केला, असेही वर्णन लूकच्या शुभवर्तमानात आहे. हे आपण अनेकदा ऐकतो व पुढे जातो. परंतु हा अधिकारी म्हणजे नेमका कोण? त्यास कोणी नेमले? तो सेवक कोणाचा चाकर, व त्याचे वेतन कोणाच्या पेटीतून निघे? असा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास पॅलेस्टाईनपर्यंत जाण्याचे कारण नाही. वालीवहून महामार्गाने वसईची खाडी ओलांडावी, घोडबंदरच्या रस्त्याने ठाणे शहरात शिरावे, म्हणजे तेथे १८७९ साली बांधलेले एक सभास्थान आजही उभे असलेले दिसेल. त्याचे हिब्रू नाव ‘शाअर हशामाईम’, म्हणजे स्वर्गाचे द्वार. त्यात प्रार्थना करणारे लोक घरी मराठी बोलतात, त्यांची आडनावे दिवेकर, केहिमकर, पेणकर, राजपुरकर अशी आपल्या कोकणातील गावांवरून पडलेली आहेत, आणि त्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके याच समुद्रकाठी तेलाचे घाणे चालविले. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत वसई तालुका व ठाणे शहर हे एकाच जिल्ह्यात होते. तेव्हा हे लोक आपले जुने जिल्हाबंधूच होत. त्यांचे सभास्थान कसे चालते, हे समजून घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. समाज मोठा असला म्हणजे त्याचा कारभार आपोआप चालल्यासारखा दिसतो. समाज लहान असला म्हणजे मात्र त्या कारभारातील एकूण एक खिळा दृष्टीस पडतो. म्हणून हा विषय आपल्यासारख्या लहान गावांतील लोकांसही बोधप्रद वाटेल.

बेने इस्राएल या शब्दाचा अर्थ इस्राएलची मुले. त्यांची परंपरा अशी की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगाव येथे खडकावर फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. धर्मग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली गेली. परंतु शनिवारी काम बंद ठेवणे, मुलांची आठव्या दिवशी सुंता करणे, आणि ‘शेमा इस्राएल’ या शब्दांनी आरंभ होणारी एकेश्वराची कबुली, एवढे त्यांनी सोडले नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पुढे दावीद रहाबी नावाच्या परदेशी ज्यू गृहस्थाने या खुणांवरून त्यांस ओळखले व त्यांतील काही जणांस धर्मविधी शिकवून ‘काजी’ केले, असे परंपरा सांगते. हे काजी गावोगाव फिरून लग्ने लावीत, सुंता करीत व तंटे मिटवीत.

गावात घरे थोडी, तोपर्यंत प्रार्थना घरीच होत असे. निराळे मंदिर नव्हते. ते प्रथम झाले मुंबईत. कंपनी सरकारच्या पलटणीतील सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटून आले, व देवाचे उपकार स्मरून त्यांनी १७९६ साली मांडवी भागात सभास्थान बांधविले. त्याचे नाव ‘शाअर हाराहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. मराठी बोलणारे बेने इस्राएल त्यास ‘मशीद’ म्हणत. पुढे १८४० साली दुसरे सभास्थान झाल्यावर पहिल्याला ‘जुनी मशीद’ व दुसऱ्याला ‘नवी मशीद’ अशी नावे पडली. मशीद बंदर या रेल्वे स्थानकाचे नाव याच जुन्या मशिदीवरून पडले, असे सांगतात. त्यानंतर अलिबाग येथे १८४८ साली, पनवेल येथे १८४९ साली, ठाण्यास १८७९ साली, पुण्यास १९२१ साली, याप्रमाणे जेथे जेथे घरांची पुरेशी संख्या झाली तेथे तेथे सभास्थाने उभी राहिली.

आता मुख्य विषयाकडे वळू. आपल्या धर्मग्रामाची रचना आपणांस ठाऊक आहे. धर्मगुरूंची नेमणूक बिशप करतात. एक बदलून गेले तर दुसरे येतात. मोठ्या अडचणीत धर्मप्रांत पाठीशी उभा राहतो. सभास्थानाच्या डोक्यावर असा कोणी बिशप नसतो. प्रत्येक सभास्थान हे स्वतंत्र संस्थानच म्हणावयाचे. प्रार्थना चालविणारा माणूस हवा असेल तर तेथील मंडळींनीच तो शोधावा, त्यांनीच ठेवावा, त्यांनीच पोसावा. छप्पर गळू लागले तर त्यांनीच शाकारावे. दुसऱ्या गावचे सभास्थान बंधुभावाने मदत करील, पण हुकूम करणार नाही. स्वातंत्र्य मोठे आहे. त्याच मापाने जबाबदारीही मोठी आहे.

जुन्या काळी हा कारभार पाहणारी मंडळी पुढीलप्रमाणे असत. सर्वांचा प्रमुख तो ‘मुकादम’. त्याचे साहाय्यक ते ‘चौगुले’. पैसा सांभाळणारा तो ‘गबाई’. प्रार्थना म्हणणारा तो ‘हजान’. झाडलोट, दिवाबत्ती व निरोप पोचविणे ज्याच्याकडे असे तो ‘शमाश’. ही नावे लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहेत. गबाई, हजान व शमाश हे शब्द हिब्रू परंपरेतून आले आहेत. काजी हा शब्द मुसलमानी अमलातून आला. मुकादम व चौगुला तर आपल्या मराठी गावगाड्यातीलच. पाटलाच्या हाताखाली जसा चौगुला, तसा सभास्थानातही चौगुला. आपला धर्म त्यांनी दुरून आणला, परंतु तो चालविण्याची रीत शेजारच्या चावडीवरून उचलली. पुढे इंग्रजी अमलात मुकादम व चौगुले यांच्या जागी अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व विश्वस्त असे शब्द आले, सभासदांची यादी होऊ लागली, निवडणुका होऊ लागल्या. नावे बदलली, तरी कामे तीच राहिली. शुभवर्तमानातील याईर म्हणजे मुकादमाच्या जागचा मनुष्य, व ग्रंथपट परत घेणारा सेवक म्हणजे शमाशाच्या जागचा, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

या सर्व अधिकाऱ्यांपुढे एक नियम उभा असतो, व सभास्थानाचा सारा कारभार त्या नियमाभोवती फिरतो. तो नियम दहांचा. सार्वजनिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील किमान दहा ज्यू पुरुष हजर असले पाहिजेत. या दहांच्या समूहास हिब्रूत ‘मिन्यान’ म्हणतात. एकट्यादुकट्याने प्रार्थना करण्यास कोणाचीच मनाई नाही. पण दहा जमले नाहीत तर तोराचा ग्रंथपट बाहेर काढून विधिपूर्वक वाचता येत नाही, आणि मृतांच्या स्मरणार्थ म्हणावयाचे ‘कद्दिश’ म्हणता येत नाही. बाप वारला असता मुलाने वर्षभराच्या सुमारास ते नियमाने म्हणावयाचे असते. मुलगा दारात उभा आहे, पुस्तक हातात आहे, आठ माणसे बसली आहेत, आणि तरीही कद्दिश होत नाही, हा प्रसंग लहान समाजाच्या वाट्यास येतो. नऊ विद्वान जमले तरी ते नऊच. आणि नऊ साध्यासुध्या माणसांत दहावा एक तेरा वर्षांचा मुलगा आला की सभा पूर्ण होते. आपल्याकडे सातवी-आठवीत बसणाऱ्या मुलावर घरचे लोक दूध आणण्यापलीकडे फारसे काही सोपवीत नाहीत. तेथे त्याच वयाच्या मुलाच्या येण्यावर अख्ख्या समाजाची प्रार्थना अवलंबून असू शकते.

म्हणून लहान सभास्थानाच्या चिटणीसाचे पहिले काम माणसे मोजण्याचे असते. कोण गावी गेला आहे, कोण आजारी आहे, कोणाची पाळी रात्रीची आहे, कोणाकडे पाहुणा आला आहे, हे त्यास ठाऊक असावे लागते. कोणाच्या वडिलांचा स्मृतिदिन आहे हे त्याच्या वहीत असते, व त्या दिवशी दहा जण जमावेत म्हणून तो आधीच निरोप धाडतो. पूर्वी हे काम शमाश दारोदार फिरून करी. आता दूरध्वनीने होते. काम तेच. नोकरीतून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ अशा वेळी फार मोलाचे ठरतात. कारण रोजच्या सकाळी हमखास येणारे तेच. ज्यास समाज इतर ठिकाणी कामातून गेलेला समजतो, तोच येथे दहांतील एक म्हणून खांब होऊन बसतो.

शनिवारी, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी, आणखी एक अडचण असते. कडक पाळणारे लोक त्या दिवशी वाहनात बसत नाहीत. म्हणजे दहा माणसे चालत येण्याच्या अंतरात राहावयास हवीत. मुंबईतील पुष्कळ बेने इस्राएल कुटुंबे जागेच्या अडचणीमुळे जुनी वस्ती सोडून ठाण्याकडे राहावयास गेली, तेव्हा कारभाऱ्यांपुढे कठीण प्रश्न उभा राहिला. नियम ताणून धरावा तर माणसे येत नाहीत. सैल सोडावा तर नियम उरत नाही. प्रत्येक मंडळीस या दोहोंमधून आपापली वाट काढावी लागते.

दुसरी मोठी गरज हजानाची. हजान हा ख्रिस्ती धर्मगुरूसारखा दीक्षा घेतलेला पुरोहित नव्हे. ज्यास हिब्रू शुद्ध वाचता येते, प्रार्थनांचे सूर ठाऊक आहेत व ज्याचे आचरण निर्मळ आहे, असा कोणीही गृहस्थ हजान होऊ शकतो. परंतु लहान गावी त्या एकाच माणसावर चार कामे पडत. प्रार्थना तोच चालवी, मुलांस हिब्रू तोच शिकवी, धर्माप्रमाणे कोंबडे-बकरे तोच कापी, आणि पुष्कळदा सुंताही तोच करी. एवढे सारे जाणणारा मनुष्य मिळणे सोपे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे शिक्षक बहुतेक कोचीनहून येत. शलोमो सालेम शुर्राबी हे त्यांपैकी प्रसिद्ध. त्यांनी मुंबईत व कोकणात राहून या समाजास प्रार्थनेची शिस्त लावून दिली.

या ठिकाणी मिशनरी शाळांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने शिकत व त्यांतील कित्येक पुढे तेथेच शिक्षक झाले. स्कॉटिश मिशनचे डॉक्टर जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा उद्देश उघडच होता. पण ख्रिस्ती झालेले बेने इस्राएल फारच थोडे. उलट झाले असे की, मराठीत उतरलेला जुना करार व हिब्रूचे व्याकरण हाती आल्यामुळे ते आपल्याच धर्मात अधिक जाणते झाले. पुढे जोसेफ एझिकेल राजपुरकर यांच्यासारख्या विद्वानांनी प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली, हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला, आणि हजानाचे काम करू शकणारी माणसे घरीच तयार होऊ लागली. दिलेल्या विद्येचा उपयोग शिष्याने गुरूच्या इच्छेहून निराळा केला, तरी ती विद्या वाया जात नाही, याचे हे सुंदर उदाहरण होय.

आता पैशाची बाजू पाहू. खर्च कोणकोणते? हजानाचे व शमाशाचे वेतन, दिव्याचे तेल व वीज, पुस्तके, इमारतीची डागडुजी, दफनभूमीचे कुंपण व राखण, गरीब घरच्या प्रेतसंस्काराचा खर्च, सणाच्या दिवशीचा प्रसाद. यांशिवाय एक खर्च असा की तो क्वचितच येतो, पण आला म्हणजे मोठाच येतो. तो म्हणजे तोराच्या ग्रंथपटाचा. हा ग्रंथ चामड्याच्या पटावर हातानेच लिहावा लागतो; छापील चालत नाही. त्यात परंपरेच्या मोजणीप्रमाणे ३,०४,८०५ अक्षरे असतात, व त्यांतील एक अक्षर जरी पुसट झाले किंवा चुकले, तरी ते दुरुस्त होईपर्यंत तो पट वाचनास अयोग्य ठरतो. लिहिणारा लेखक विशेष शिक्षण घेतलेला असावा लागतो. कोकणातील लहान मंडळींस असा पट मिळविणे म्हणजे केवढा उद्योग असे, हे एका गोष्टीवरून कळेल. जुन्या मशिदीचे संस्थापक दिवेकर हे सभास्थान बांधून झाल्यावर त्यासाठी ग्रंथपट आणावयास कोचीनला गेले, आणि तेथेच १७९७ साली निधन पावले. इमारत उभी करणे एका वर्षात झाले. ग्रंथ आणण्यात मात्र त्यांचा देह पडला.

उत्पन्नाच्या बाबी साध्याच. सभासदांची वर्गणी, लग्न, सुंता, नामकरण अशा प्रसंगी मिळणाऱ्या देणग्या, सभास्थानाची एखादी चाळ वा दुकान असल्यास त्याचे भाडे, आणि मानाचे लिलाव. हा शेवटचा प्रकार आपल्या वाचकांस नवीन वाटेल. ग्रंथपट ज्या कपाटात ठेवतात त्यास ‘हेखाल’ म्हणतात. त्याचे दार उघडणे, पट बाहेर आणणे, तो उंच धरून सर्वांस दाखविणे, वाचनासाठी बोलाविले जाणे, हे सारे मान होत. मोठ्या सणांस, विशेषतः नव्याच्या सणास व दारफाळणीच्या उपवासाच्या दिवशी, या मानांची बोली लागते. अधिक बोली बोलेल त्यास मान, व रक्कम सभास्थानास. कोणी म्हणेल की देवाच्या दारी लिलाव कशाला? परंतु यात श्रीमंताची हौस पुरी होते, गरिबास सक्तीची पट्टी द्यावी लागत नाही, आणि वर्षाचा खर्च बराचसा दोन-चार दिवसांत निघतो.

यात एक गमतीची अडचण आहे. शब्बाथाच्या व मोठ्या सणाच्या दिवशी पैशास हात लावावयाचा नाही व लेखणी धरावयाची नाही, असा धर्माचा दंडक. बोली तर त्याच दिवशी लागते! मग हिशेब राहावा कसा? जगातील काही सभास्थानांत यासाठी कडेला रकमा छापलेली चिठ्ठी असते. बोली मान्य झाली की त्या रकमेची कडा दुमडून ठेवतात, आणि दिवस मावळल्यावर वहीत उतरवून घेतात. जेथे अशी चिठ्ठी नसते, तेथे गबाईची स्मरणशक्ती हीच वही. शिवाय ज्याने रक्कम कबूल केली, त्याने ती कोणी न मागता आणून द्यावी, हीच अपेक्षा. न लिहिलेले ऋण फेडणारा तोच खरा सभासद.

हिशेबाची दुसरी बाजू कायद्याची. १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला, आणि देवळे, गिरिजाघरे व अग्याऱ्या यांबरोबर सभास्थानांसही तो लागू झाला. त्यान्वये संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करावी लागते. दरसाल हिशेब तपासून घ्यावा लागतो. विश्वस्त बदलले, कोणी वारला किंवा परदेशी गेला, तर तो बदल नव्वद दिवसांच्या आत कळवावा लागतो. स्थावर मिळकत विकण्यास पूर्वपरवानगी लागते. मोठ्या संस्थेत हे काम कारकून करतात. लहान मंडळीत तेच चिटणीसाने दिवसाची नोकरी आटोपून रात्री करावयाचे. हे कंटाळवाणे आहे खरे. परंतु विश्वस्तांपैकी निम्मे परदेशी निघून गेले आणि त्यांची नावे कागदावर तशीच राहिली, तर सही कोणाची चालावयाची? छप्पर दुरुस्त करण्यापुरताही पैसा बँकेतून निघावयाचा नाही. मंदिर पडते ते काही वेळा पावसाने, आणि काही वेळा न भरलेल्या अर्जाने.

जेथे चार माणसे एकत्र येतात तेथे मतभेद होणारच. आणि समाज जितका लहान, तितके भांडण जवळचे. पूर्वी मुकादम व चौगुले यांची सभा बसून तंटा ऐके, दंड करी, व दंडाची रक्कम सभास्थानाच्या पेटीत जाई. न ऐकणाऱ्यास समाजाच्या पंगतीतून वगळीत. आज ते अधिकार गेले. आता वार्षिक सभा, मतदान व ठराव. परंतु लहान मंडळीत मतदानाने जिंकणेही धोक्याचे असते. सहांनी चौघांवर मात केली आणि ते चौघे रुसून घरी बसले, तर उरलेले सहा जण प्रार्थना कशी करणार? दहांचा नियम येथे एका अर्थी न्यायाधीशाचे काम करतो. विरोधकास हाकलून देण्याची चैन या समाजास परवडत नाही. त्याचे मन राखूनच कारभार करावा लागतो.

स्त्रियांविषयी लिहिले नाही तर हे वर्णन अपुरे राहील. जुन्या रीतीप्रमाणे त्या निराळ्या, बहुधा माडीवरील सज्जात बसतात, व दहांच्या मोजणीत धरल्या जात नाहीत. परंतु सभास्थानाचे जीवन घराघरांतून जेथे पाझरते, तेथे सत्ता त्यांचीच. एलियाहू हानाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्या नावाने होणारा ‘मलिदा’ हा विधी बेने इस्राएलांचा खास आपला. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ व गूळ एकत्र करून त्याभोवती फळे मांडतात, आणि नवस फेडताना, लग्नाच्या वेळी किंवा प्रवासास निघताना प्रार्थना करून तो वाटतात. शब्बाथाच्या आशीर्वादासाठी द्राक्षमद्याऐवजी मनुकांचे सरबत करण्याची रीतही घरच्या स्त्रियांनीच सांभाळली. मुलगा हिब्रू वाचावयास शिकला की नाही हे हजानाच्या आधी त्याच्या आईस कळते. आणि पहाटे त्यास उठवून प्रार्थनेस धाडणारीही तीच.

आता या समाजापुढील खऱ्या संकटाचा विचार करू. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली. १९५१ च्या खानेसुमारीत भारतात पंचवीस हजारांहून अधिक ज्यू होते. आज सर्व पंथांचे मिळून पाच हजारांच्या आतच असतील, व त्यांपैकी बहुतेक मुंबई-ठाणे भागात राहतात. त्यांस येथे कोणी छळले म्हणून ते गेले नाहीत. या देशात आपल्यावर धर्मापायी जुलूम झाला नाही, असे ते स्वतःच आवर्जून सांगतात. आपल्या धर्माच्या भूमीची ओढ व मुलांच्या भवितव्याचा विचार, यांमुळे ते गेले. तेथेही त्यांनी मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्राएलमध्ये चालविले. परंतु येथे मागे काय उरले? कोकणातील ज्या गावी पन्नास घरे होती तेथे दोन राहिली. इमारत आहे, हेखाल आहे, दिवे आहेत; दहा माणसे नाहीत.

अशा वेळी कारभाऱ्यांचे कर्तव्य अधिकच नाजूक होते. ग्रंथपट ओलाव्याने खराब होऊ नयेत म्हणून ते चालू असलेल्या सभास्थानात नेऊन ठेवतात. जीर्ण झालेली धर्मपुस्तके रद्दीत न घालता आदराने दफन करतात. दफनभूमीवर अतिक्रमण होऊ नये म्हणून तिची कागदपत्रे व कुंपण यांकडे लक्ष देतात. कारण जिवंत माणसे दुसऱ्या गावी जाऊ शकतात, कबरींस जाता येत नाही. सणावारी मुंबई-ठाण्याहून मंडळी मुद्दाम अलिबाग किंवा पनवेल येथे जाऊन दहांची संख्या भरतात, आणि परदेशी गेलेले लोक सुटीत आले म्हणजे आजोबांच्या सभास्थानात एकदा तरी प्रार्थना करून जातात. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंस अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला, त्यामुळे शिक्षणसंस्था व नोंदी या बाबतींत काही सोय झाली. परंतु शासन दर्जा देऊ शकते, अनुदान देऊ शकते. दहावा माणूस देऊ शकत नाही.

याचे दुसरे टोक पाहावयाचे असेल तर केरळकडे पाहावे. कोचीनचे परदेशी सभास्थान १५६८ सालचे. त्याची चिनी फरशी व झुंबरे पाहण्यास हजारो प्रवासी जातात. परंतु स्थानिक दहा पुरुष तेथे जमेनासे होऊन बरीच वर्षे झाली. चेन्नमंगलम येथील सभास्थान तर जीर्णोद्धार करून संग्रहालय म्हणून ठेवले आहे. भिंती सुरेख आहेत, लाकडाचे कोरीव काम पाहतच राहावे असे आहे. इमारत वाचली, याबद्दल आनंदच मानावा. तरी इमारत वाचविणे ही एक गोष्ट व मंडळी जिवंत ठेवणे ही दुसरी, एवढे तेथे गेल्यावर ध्यानात येते. पहिले काम गवंडी व सरकार करू शकतात. दुसरे काम फक्त सभासदच करू शकतो, आणि तेही स्वतः हजर राहून.

विद्यार्थी मित्रांनो, या साऱ्या वर्णनाचे तात्पर्य काढावयाचे तर ते असे की, लहान समाजात कोणीही जादा नसतो. मोठ्या समुदायात मनुष्य म्हणतो, मी न गेलो तर काय अडले? बेने इस्राएलांच्या सभास्थानात हा प्रश्न विचारता येत नाही, कारण त्याचे उत्तर त्याच सकाळी, भरलेल्या किंवा रिकाम्या राहिलेल्या बाकांवर दिसते. तेथे मोठेपणाची पदे थोडी आहेत. पण हजर राहणे हेच एक पद आहे, व ते तेरा वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या वृद्धापर्यंत प्रत्येकाकडे आहे. आपल्या गावातील वाचनालय, भजनी मंडळ, क्रीडामंडळ, धर्मग्रामातील गायकवृंद, पतपेढीची वार्षिक सभा, ही सारी आपली लहान सभास्थानेच होत. त्यांस नेहमी पुढारी हवे असतात असे नाही. बहुतेक वेळा त्यांस एक माणूस कमी पडत असतो. पालकांनी आपल्या मुलांस मोठे हो असा आशीर्वाद अवश्य द्यावा. परंतु जेथे नऊ जण वाट पाहत बसले असतील तेथे वेळेवर जाण्याची सवयही लावावी. ठाण्याच्या त्या ‘स्वर्गाच्या द्वारा’तून आत शिरण्यास दहा माणसे लागतात. त्या दहांत पहिला कोण व दहावा कोण, हे तेथे कोणी विचारीत नाही.